हाऊ डबा कोनले सांगस नही ना?

२०२४ च्या लोकसभेला आमच्याकडे १३ मे ला मतदान होतं. अमळनेरचं मे महिन्यातलं ऊन ज्याला माहीत आहे त्याला काही सांगायला नको, म्हणून सकाळी सातलाच भाच्याचा हात धरून निघालो. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. दहावीपर्यंत चांगलं दिसायचं, मग रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, आणि आता एक्केचाळिसाव्या वर्षी खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं, बस.

केंद्रावर गेल्यावर तिथल्या साहेबांनी मला बघितलं आणि बोलले भाच्याशी. "तू दाबून टाक रे त्यांचं, त्यांना कशाला त्रास." मी म्हटलं साहेब, मी स्वतः दाबतो. तर म्हणे लाईन बघा केवढी लागली. आता नियम असा आहे की अंध किंवा ज्याला स्वतःला बटण दाबता येत नाही अशा मतदाराला अठरा वर्षांवरचा एक सोबती आत नेता येतो, त्या सोबत्याला त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा सोबती होता येत नाही, आणि मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. नेता येतो. न्यायलाच पाहिजे असं कुठंही नाही. पण हे सगळं तिथं उभ्या उभ्या कोण समजावणार, मी सरळ हात पुढे करत करत त्या पुठ्ठ्याच्या आडोशाकडे गेलो.

मशीनवर बटणांच्या बाजूला ब्रेलमध्ये आकडे असतात, एक ते सोळा. मला ब्रेल नीट येत नाही, उशिरा दृष्टी गेलेल्यांचं असंच असतं, बोटांना ती सवयच लागत नाही. पण आकडे तेवढे मी शिकून घेतलेत. माझ्या उमेदवाराचा नंबर आदल्या दिवशीच पाठ केला होता. चाचपडत तो शोधला, दाबलं. आणि मग ते सात सेकंद. बाजूच्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी दिसते, तिच्यावर नंबर, नाव आणि चिन्ह, सात सेकंदांनी ती कापली जाऊन खाली पेटीत पडते. मी तिथं उभं राहून मनात सात मोजले. चिठ्ठी पडल्याचा बारीक आवाजसुद्धा आला असं मला वाटतं, आणि लांब बीप वाजली. मशीनने मला एवढंच सांगितलं की काहीतरी झालं. काय झालं ते नाही सांगितलं.

(ईव्हीएम हॅक होतं की नाही ह्या भांडणात मला पडायचं नाहीये. २६ एप्रिल २०२४ ला सुप्रीम कोर्टाने कागदी मतपत्रिकेवर परत जायला नकार दिला, शंभर टक्के चिठ्ठ्या मोजायलाही नकार दिला, त्यावर ज्याला जे बोलायचं ते बोलो. माझा मुद्दा लई साधा आहे, ज्याला दिसतं त्याला ती चिठ्ठी बघता येते आणि मला नाही.)

घरी येऊन हे बायकोला सांगितलं तर ती म्हणे मग तो १२ डी फॉर्म भरून घरूनच करायचं ना, चाळीस टक्क्यांवर अपंगत्व असलं की टीम घरी येते. येते, खरंय, ज्यांना उठताच येत नाही त्यांच्यासाठी ती सोय फार मोठी आहे. पण घरी कागद येतो. कागदावर खूण कोण करणार? पुन्हा सोबतीच.

एवढ्यावर विषय संपला असता. पण आमचं एक मंडळ आहे, तालुक्यातल्या अपंगांचं, नाव नाही सांगत. एकशे सव्वीस मेंबर. अंध आहेत, कमी दिसणारे आहेत, पोलिओवाले, मूकबधिर, एक सेरेब्रल पाल्सीचा पोरगा आहे जो बी.ए. झालाय आणि आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार आहे. दर तीन वर्षांनी आमची निवडणूक होते, अध्यक्ष, सचिव, खजिनदार. आणि ती कशी व्हायची? चिठ्ठ्या वाटायच्या, ज्याला दिसत नाही त्याची चिठ्ठी तेव्हाचे पदाधिकारीच भरायचे. मागच्या वेळी मी ज्याच्याकडून चिठ्ठी भरून घेतली तोच गृहस्थ आठ दिवसांनी बस स्टँडवर भेटला आणि हसत हसत म्हणाला, काय भो, आम्हाला वाटलं तू आपला माणूस. अंध माणसाला समोरच्याचं हसू ऐकू येतं, चांगलंच येतं.

तर मे नंतरच्या पहिल्या मीटिंगला मी तोंड उघडलं. म्हटलं अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात कलम ११ आहे, निवडणूक आयोगाने मतदान केंद्रं आणि सगळं साहित्य अपंगांना वापरता येईल, समजेल असं ठेवावं म्हणून, आणि आपण सरकारला निवेदनं देत फिरतो, पण आपल्याच मंडळात माझी चिठ्ठी दुसरा भरतो. सगळे गप्प. मग एक जण म्हणाला, बरोबर आहे, मग तूच काहीतरी मशीन बनव, तुझ्या वडिलांचं रेडिओ रिपेअरिंगचं दुकान होतं ना. झालं. ठराव मंजूर, अनुमोदन, टाळ्या. अमळनेर हे विप्रोचं गाव, १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरुवात झाली ती इथूनच, त्यामुळे इथं प्रत्येकाला वाटतं की कम्प्युटर आपल्या रक्तातच आहे.

भाचा पॉलिटेक्निकला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. त्याचं पहिलं म्हणणं, मामा डबा-बिबा कशाला, गुगल फॉर्म टाकू व्हॉट्सॲपवर, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक आहेच सगळ्यांच्या फोनमध्ये, दहा मिनिटांत निवडणूक. सोपं आहे, मलाही मोह झाला. पण आमच्या मेंबरांपैकी निम्म्या बायकांचे फोन घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात असतात. दीर शेजारी बसून विचारणार, वहिनी कोणाला दाबलं, दाखवा बरं. मतदानाला आडोसा लावतात तो काही शोभेला नाही. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवर मतदान आहे आणि तिथं ह्याच भीतीपोटी मत पुन्हा देता येतं, शेवटचं धरतात, म्हणजे कोणी जबरदस्ती केली तरी नंतर बदलता येतं. आणि ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने तर २०११ मध्ये आयव्होट काढलं तेच मुळात अंध आणि अपंग मतदारांना डोळ्यासमोर ठेवून. मग ते हळूहळू इतरांनाही खुलं करत गेले, आणि २०२१ च्या डिसेंबरात स्थानिक निवडणुकांत सिस्टीमवर एवढा लोड आला की काही लोकांना मतच देता आलं नाही, तीन ठिकाणच्या निवडणुका कोर्टाने रद्द केल्या, आणि आयव्होट बंद. भाच्याला हे सगळं सांगितलं तर म्हणे मामा, आपले एकशे सव्वीस मेंबर आहेत, लोड कुठून येणार. म्हटलं लोडचं नको, दिराचं बोल. तेव्हा गप्प बसला.

मग डबा. पहिला ठराव आम्ही दोघांनीच केला की ह्यात वायफाय, ब्लूटूथ, सिम काही नको. म्हणून आर्डुइनो मेगा घेतला, म्हणजे प्रोग्रॅम टाकता येतो असा छोटा सर्किट बोर्ड, त्याला जोडून एक छोटा एमपीथ्री प्लेअरचा मॉड्यूल, वायरचा हेडफोन, आणि दुकानात बिलं निघतात तसला अठ्ठावन्न मिलिमीटरचा थर्मल प्रिंटर. दुसरा ठराव, डबा मतं मोजणारच नाही. फक्त चिठ्ठी छापून देणार, मतदार ती घडी करून पेटीत टाकणार, आणि मोजणी चिठ्ठ्यांची, सगळ्यांसमोर, हाताने. म्हणजे डब्याने डोक्यात काय ठेवलंय ह्यावर कोणाला भरवसा ठेवायची गरजच नको.

सोल्डरिंग भाच्याने केलं, मी नुसता धुराच्या वासावरून सांगायचो की हा जॉइंट कोरडा बसलाय, परत मार. वडिलांचा वारसा म्हणजे हे नाक. प्रिंटरला देवनागरी येतच नाही हे कळायला चार दिवस गेले, नुसते प्रश्नचिन्हांचे ढीग छापायचा. शेवटी प्रत्येक उमेदवाराच्या नावाचं चित्र करून ते छापलं. आणि एक रोल भाच्याने मित्राच्या गाडीत डॅशबोर्डवर विसरला, ऑक्टोबरच्या उन्हात चार तास, तर तो अख्खा करडा होऊन गेला. थर्मल कागद उष्णतेनेच काळा होतो ना, तेव्हा पेटीसुद्धा सावलीत ठेवावी लागणार हे तिथंच कळलं.

बटणं तीन. वरचं त्रिकोणी, मागे जा. खालचं त्रिकोणी, पुढे जा. मधलं मोठं गोल, हेच पाहिजे. कानात नाव आणि नंबर ऐकू येतो, गोल दाबलं की विचारतं, "तुम्ही अमुक यांना निवडलं, नक्की असेल तर पुन्हा दाबा." मूकबधिरांसाठी समोर पुठ्ठा, त्यावर उमेदवाराचा फोटो, नाव, चिन्ह आणि बाजूला लाल एलईडी, ज्याचं नाव चालू त्याचा दिवा लागतो. त्या बी.ए. पोराचे हात त्याच्या ताब्यात राहत नाहीत, त्याला तीन बटणं जमणार नव्हती, तर डब्याला मागे हेडफोनसारखंच एक भोक दिलं आणि त्यात बायकोच्या शिलाई मशीनच्या मोटरचा पायाचा पेडल जोडला. ते लावलं की नावं आपोआप पुढे सरकतात, आपलं नाव आलं की पाय दाबायचा, बस. बायकोचे दोन ब्लाउज त्या आठवड्यात रखडले, गिऱ्हाइकांच्या शिव्या आम्ही खाल्ल्या.

आवाजाची गोष्ट वेगळी सांगायला पाहिजे. कम्प्युटरचा मराठी आवाज आडनावांची पार वाट लावत होता, म्हणून माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करायचं ठरलं. शेजारची कॉलेजातली पोरगी, गोड आवाज, तिने अर्ध्या तासात सगळं करून दिलं. चाचणीला अध्यक्षपदाच्या एका उमेदवाराला ऐकवलं तर तो भडकला. म्हणे माझं नाव कसं घेतलंय बघ, रेशनच्या दुकानात पुकारतात तसं, आणि त्याचं नाव कसं लाडात घेतलंय. मी परत ऐकलं. खरं होतं! ती पोरगी त्या दुसऱ्या उमेदवाराच्या नात्यातली निघाली, तिने मुद्दाम काही केलं नव्हतं, पण आपल्या माणसाचं नाव घेताना आवाज मऊ होतोच. छापील यादीत सगळ्यांचा टाइप एकच असतो, आवाजात तसं नसतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि मी तर दिवसभर कानांवरच जगतो. शेवटी पारोळ्याच्या एका रिटायर्ड बाईंकडून, ज्यांना आमच्यातलं कोणीच माहीत नव्हतं, सगळी नावं एका दमात, उलटसुलट क्रमाने तीनदा म्हणून घेतली.

मग भाच्याने मला गार केलं. एका रविवारी आठ जणांना बोलावून चाचणी ठेवली, हा पार्टिशनच्या मागे खुर्ची टाकून बसला, वही घेऊन. शेवटी मला म्हणे, मामा, आठपैकी सात जणांनी कोणाला मत दिलं ते मी सांगू का? आणि सांगितलं. बरोबर. केलं काय होतं? बटणाचा टक टक आवाज मोजला. दोनदा टक, मग मोठा टक, म्हणजे तिसरा उमेदवार. एवढं सोपं. आम्ही वायफाय काढलं, ब्लूटूथ काढलं, आणि मत खुर्चीवर बसल्या बसल्या कानाने चोरीला जात होतं. हसू नका, हॉलंडमध्ये २००६ मध्ये कार्यकर्त्यांनी असंच दाखवून दिलं होतं की मतदान मशीनमधून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरी दुरून पकडून मतदाराने काय निवडलं ते ओळखता येतं, पुढे तिथं मशीनच बंद झाल्या आणि पेन्सिलने मतदान परत आलं. आमच्याकडे तर लहरींचीही गरज पडली नाही.

उपाय दोन केले. यादी प्रत्येकाला वेगळ्या नावापासून सुरू व्हायची, कोणाला चौथ्यापासून, कोणाला दुसऱ्यापासून, म्हणजे टक मोजून काही उपयोग नाही. नंबर मात्र उमेदवाराला चिकटलेला, तो बदलत नाही. आणि दुसरा उपाय कूलर. मोठा पत्र्याचा डेझर्ट कूलर पार्टिशनच्या बाहेर लावायचा, त्या घरघरीत टक सोडा, स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही. खान्देशात एप्रिलमध्ये कूलर लावला तर कोणी कारण विचारत नाही.

आता जिभाऊ. जिभाऊ तहसीलमधून क्लार्क म्हणून रिटायर झालेले, एक पाय पोलिओचा, नोकरीत असताना निवडणुकीच्या कामाचे किती डोंगर उपसले त्याला गणती नाही. त्यांना आम्ही निवडणूक अधिकारी केलं. ते डबा बघायला आले, शेवभाजी-पोळी खाल्ली, सगळं ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले.

पहिला, "ह्यात कुठं काही लिहून राहतं का?" भाचा म्हणाला, हो, एरर शोधायला एका कार्डवर लॉग ठेवलाय, किती वाजता कोणतं बटण दाबलं. जिभाऊ म्हणाले, आणि माझ्या रजिस्टरवर सह्या ओळीने होणार. माझं रजिस्टर आणि तुझं कार्ड शेजारी शेजारी ठेवलं तर? भाच्याने तिथंच कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. चिठ्ठ्यांचं पण तसंच, आम्ही विचार करत होतो की प्रिंटरच्या रोलवरच सलग छापून ठेवावं, कटरचा खर्च वाचेल. रोलवर मतं क्रमाने राहतात, म्हणजे पुन्हा तेच. मग सुटीच चिठ्ठी, फाडायची, घडी, पेटी, आणि मोजायच्या आधी पेटी हलवायची.

दुसरा प्रश्न मला झोपू देईना. मी समजत होतो डबा अंधांसाठी आणि त्या पोरासाठी, बाकीचे नेहमीसारखे पेनाने खूण करतील, उगाच वेळ कशाला. जिभाऊ म्हणाले, "डब्यावर किती जण?" म्हटलं पंधरा-सोळा. "मग मोजताना माझ्यासमोर सोळा छापलेल्या चिठ्ठ्या आणि बाकीच्या पेनाच्या. सोळाच्या सोळा एकाच उमेदवाराला गेल्या तर आंधळ्यांनी कोणाला मत दिलं हे गावाला कळलं. आणि त्यातल्या एकानेच डबा वापरला तर त्याचं मत मी माइकवर वाचल्यासारखंच झालं." मी वर्षभर गुप्त मतदानाच्या नावाने ओरडत होतो आणि स्वतःच्या हाताने आंधळ्यांची वेगळी रांग लावायला निघालो होतो. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने प्रत्येक मतदान केंद्रावर अपंगांना एकट्याने आणि गुप्तपणे वापरता येईल असं किमान एक तरी मशीन सक्तीचं झालं, आणि तिथंही हाच घोळ, त्या एका मशीनवर दिवसभरात दोन-तीनच माणसं जात असली तर त्यांची मतपत्रिका वेगळी ओळखू येते. म्हणून आमचं ठरलं, सगळ्यांनी डब्यावरच. डोळसांनीसुद्धा. ह्यावर मीटिंगमध्ये दीड तास भांडण झालं, आम्हाला दिसतंय तर आम्ही हेडफोन का घालायचा वगैरे. जिभाऊंनी सांगितलं, नका घालू, दिवे बघून दाबा, पण चिठ्ठी डब्यातूनच निघेल. वेळेचा हिशोब केला तर ऐकून मत देणाऱ्याला तीन-चार मिनिटं आणि बघून देणाऱ्याला मिनिटभर, एका डब्यावर दिवस पुरला नसता, मग दुसरा डबा केला. वर्गणी काढली. कोणी किती दिली ते लिहीत नाही, भांडणं होतील.

राहिलं काय, तर ते सात सेकंद. चिठ्ठी छापून हातात आली, गुळगुळीत कागद, त्यावर काय आहे? आमचा डबा कानात सांगतो तीन नंबर, पण छापतो चारच कशावरून? ज्याने कानात सांगितलं तोच छापतोय, त्याचीच साक्ष काढून काय उपयोग. बारकोड छापावा असं एक जण म्हणाला, पण बारकोड डोळसालाही वाचता येत नाही, मग सगळेच आंधळे, समानता झाली असं भाचा म्हणाला आणि स्वतःच हसला. शेवटी आम्ही चिठ्ठीवर नावाच्या खाली नंबर चांगला मोठा, पेढ्याएवढा छापला, आणि धुळ्याच्या एका मुलीला, जी आमच्या टीममध्ये नव्हती आणि जिने डब्याचा कोड पाहिलाही नव्हता, एक जुना फोन दिला. सिम नाही, एअरप्लेन मोड, खोक्यात पक्का बसवलेला, खाली फट. फटीत चिठ्ठी सरकवली की कॅमेरा नंबर वाचतो आणि हेडफोनमध्ये बोलतो. फोटो साठवत नाही, हे जिभाऊंनी चार जणांसमोर तपासून घेतलं. नावं वाचायला तो चुकायचा, जोडाक्षरात अडकायचा, आकडे मात्र पक्के. स्वतःचा मोबाईल आत न्यायचा नाही असा नियम केला, कारण चिठ्ठीचा फोटो काढता आला की मत विकताही येतं.

मार्चमध्ये शेवटची चाचणी घेतली आणि त्यात मी एक बदमाशी केली. कोणाला न सांगता भाच्याकडून डब्यात गडबड करून घेतली, दर वेळी निवडलेलं सोडून दुसराच उमेदवार छापायचा. मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये असाच प्रयोग केला होता, चुकीचं छापणाऱ्या मशीनवर लोकांना मत द्यायला लावलं तर शंभरातल्या सात जणांनीसुद्धा तक्रार केली नाही. आमच्याकडे वीस डोळस होते. तिघांनी चूक पकडली. बाकीच्यांनी चिठ्ठी घेतली, घडी केली, टाकली. एक जण तर म्हणे छान छापतं हो मशीन. आणि अंध सहा होते, सहाच्या सहा जणांनी फोनच्या खोक्यात चिठ्ठी सरकवून ऐकली आणि पाच जण ओरडत बाहेर आले. सहावा म्हणाला मला वाटलं माझंच ऐकण्यात चुकलं. त्यांना वर्षानुवर्षं कोणी दाखवलंच नव्हतं, त्यामुळे मिळाल्यावर ते सोडणार कसे. त्या दिवसानंतर नियम झाला की चिठ्ठी घेतल्यावर प्रत्येकाने खोक्यात ऐकायचीच, डोळसानेही.

निवडणूक २७ एप्रिल २०२५, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधीचा रविवार. शाळेचे दोन वर्ग मिळाले. व्हीलचेअर टेबलाखाली जाईना हे सकाळी साडेसातला लक्षात आलं, एवढं वर्षभर डोकं चालवून टेबलाची उंची कोणी मोजली नव्हती! चारही पायांखाली विटा लावल्या. जिभाऊंनी खऱ्या निवडणुकीसारखं मॉक पोल घेतलं, तिथं उमेदवारांच्या माणसांसमोर निदान पन्नास मतं टाकून दाखवतात, आम्ही दोन्ही डब्यांवर वीस-वीस टाकली, चिठ्ठ्या मोजल्या, फाडल्या, रिकाम्या पेट्या सगळ्यांनी हात घालून चाचपल्या, मग दोरा आणि लाख. लाखेच्या वासाने जिभाऊ एकदम पंचवीस वर्षांनी तरुण झाले.

दहाच्या सुमाराला एक म्हातारी मावशी आली, पिळोद्याकडची, जन्मापासून अंध, शाळा नाही काही नाही, आजवर दर वेळी तिच्या वतीने कोणीतरी खूण करायचं. तिला डब्याजवळ बसवलं, हात बटणांवर ठेवून दिला. तिने आधी सगळा डबा चाचपला, कडा, वायर, प्रिंटरचं तोंड. मग म्हणाली, "हाऊ डबा बोलस का रे?" म्हटलं बोलस ना मावशी. मग जरा थांबून, हळूच, "कोनले सांगस नही ना?" म्हटलं नही. "मंग तू बी भायेर जाय." मी गेलो. आत ती किती वेळ होती, अकरा मिनिटं. बाहेर रांग कुरकुरत होती, कूलर घरघरत होता. एकदा मोठ्याने आवाज आला, "आं? परत सांग!" बहुतेक डब्याला म्हणत होती. बाहेर आली ती चिठ्ठीची घडी मुठीत घट्ट धरून, पेटीत टाकायला मदत करू का विचारलं तर हात मागे घेतला.

साडेबाराला लाईट गेली. डबे बॅटरीवर चालू राहिले पण कूलर बंद पडला, आणि सगळीकडे टक टक ऐकू यायला लागलं. जिभाऊंनी मतदान थांबवलं, वीस मिनिटं सगळे घामाघूम. दुपारी दुसऱ्या डब्याचा प्रिंटर अडकला, एका मूकबधिर मेंबरची चिठ्ठी अर्धी बाहेर, अर्धी आत. भाचा धावला आणि दारातच थांबला, आत जाऊन ओढली तर वाचली जाणार. मग त्या मेंबरनेच खिशातला रुमाल काढून चिठ्ठीवर टाकला, त्याखालून भाच्याने झाकण उघडलं, त्याने स्वतः चिठ्ठी ओढली, फाडली, तुकडे खिशात घातले आणि परत मत दिलं. हे आमच्या कोणाच्या डोक्यात नव्हतं आलं, त्याच्या आलं. पुढच्या वेळी प्रत्येक डब्याजवळ एक रुमाल बांधून ठेवायचा असं वहीत लिहिलंय.

सत्त्याण्णव जणांनी मत दिलं. मोजणीला पेटी हलवली, चिठ्ठ्या सतरंजीवर ओतल्या, सगळ्या सारख्या, गुळगुळीत, चौकोनी. जिभाऊ एकेक उघडून नंबर पुकारत होते, पोरं फळ्यावर रेघा मारत होती. मी ऐकत होतो. माझ्या उमेदवाराचा नंबर पुकारला की प्रत्येक वेळी वाटायचं ही माझी असेल. तो पडला, नऊ मतांनी.

संध्याकाळी भरीत-कळण्याच्या भाकरीचा बेत होता. मागच्या वेळी बस स्टँडवर भेटलेले तेच गृहस्थ ताट घेऊन शेजारी येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "काय भो, ह्या वेळी कोणाकडे गेलं तुझं?" मी म्हटलं भाऊ, ठेचा वाढा जरा इकडे.

डबे आता बायकोच्या ट्रंकेत आहेत, पेडल तिने परत नेला. शिरपूरकडच्या एका मंडळाने विचारलंय, आम्हाला द्याल का. देऊ, पण त्यांच्या चार उमेदवारांची नावं पुन्हा रेकॉर्ड करावी लागतील, आणि पिळोद्याच्या मावशीचा निरोप आलाय की पुढच्या वेळी डब्याने अहिराणीत बोलावं. आता अहिराणी चांगली येणारी आणि कोणाचीच नातेवाईक नसलेली बाई खान्देशात कुठं शोधायची, त्याच विवंचनेत आहे.